खांद्यावर न अडकवायची पिशवी

६ मार्च

वर काय लिहावं ते ठरेना, म्हणून मायना सोडून दिलाय. सहा वर्षांनी 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील, आणि नुसतं नाव लिहिलं तर भांडायला बसलोय असं वाटेल. तेव्हा सरळ कामाचं बोलतो.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं पित्त अडकलंय. यकृतातून खाली येणारी नळी कुठेतरी बुजली आणि माणूस नखशिखांत पिवळा पडला. दवाखान्यात बरगडीखाली भोक पाडून आत एक बारीक नळी सरकवली. तिच्यातून पित्त बाहेर येतं आणि पिशवीत साठतं. रक्त सुधारेपर्यंत तीन-चार आठवडे हे असंच, मग मोठं ऑपरेशन. तर ती पिशवी माझ्या बघण्यात आली. पाठीवर बारीक अक्षरांत तुमच्या कारखान्याचं नाव आहे.

नाव नंतर वाचलं. आधी कोपरे बघितले. ते तुझे आहेत.

आता तक्रार. पिशवीच्या वरच्या कडेला मधोमध एकच भोक आहे, तेही खाटेच्या दांडीला अडकवण्यापुरतं. मागे कमरेचा पट्टा ओवायला दोन फटी आहेत. पण खांद्याचा बंद लावायचा कुठे? त्याला दोन टोकांना दोन कड्या लागतात. माझ्या दुकानात तू पर्सला कड्या लावायला लागलीस तेव्हा तुझा हात मशीनच्या टेबलापर्यंत पोचत नव्हता, आणि आता एवढी मोठी कारागीर झालीस तर कड्याच विसरलीस? लोकांनी पिशवी काय कमरेला बांधून मांडीवर लोंबवत हिंडायचं?

बाकी काम बरं आहे. त्या गृहस्थांचंही तेच मत पडलं.

फोन करू नकोस. फोनवर आपल्या दोघांत आधी कोण ठेवतो याचीच शर्यत लागते.

— तुझा बाप


१४ मार्च

खडू,

लिहिलं बघ शेवटी. लहानपणी सदा तुझी बोटं खडूनं पांढरी असायची म्हणून मीच ठेवलेलं नाव, मग लिहायला कसली लाज.

तुझं पाकीट आलं. वाटलं होतं शिव्या असतील, निदान 'कसे आहात' तरी असेल. निघाले काय, तर अकरा प्रश्न! 'पेशंट दिवसातून किती तास उभा असतो? पिशवी कोण रिकामी करतं? त्या व्यक्तीची बोटं दुखतात का?' आणि सगळ्यात खाली, घाईघाईत: 'कड्या विसरले नाही. मुद्दाम दिलेल्या नाहीत. पिशवी कायम अंगावरच्या भोकाच्या खाली राहिली पाहिजे.' हुकूम! कोणावर गेली आहेस ते सांगायला नको, तुझी आई रोज सांगते.

बरं, तर उत्तरं घे. त्या गृहस्थांना विचारूनच लिहितोय. एक, ते दिवसातून चार तास उभे असतात. दोन, पिशवी त्यांची बायको रिकामी करते. तीन, तिची बोटं सकाळी आखडलेली असतात, पण तुझी ती तोटी आडवी ढकलली की उघडते, पिळावी लागत नाही, त्यामुळे एका अंगठ्यानं काम होतं. चार, झोपताना मी डाव्या कुशीवर झोपतो आणि पिशवी

गेलं. पेनानं लिहितोय आणि तुझ्या आईनं दुसरा कागद द्यायला नकार दिलाय. म्हणते, 'तसंच पाठवा, तिला पहिल्याच पत्रात कळलंय.' कळलं होतं का तुला? मग मीच आहे तो गृहस्थ. आईवर रागावू नकोस. ती तुझ्याशी चोरून फोनवर बोलते हे मला ठाऊक आहे, म्हणून हे सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. बाईनं शपथ पाळली, पहिल्यांदाच.

पाचपासून अकरापर्यंतची उत्तरं मागच्या बाजूला आहेत. इथे मला वेगळं लिहायचंय. आठ दिवस ही पिशवी माझ्या अंगावर आहे आणि दुसरं काही काम नाही, तेव्हा मी ती इंच-इंच तपासली आहे. तिचा तळ सरळ नाही. एका बाजूला उतरता आहे, तोटीकडे. मला आधी वाटलं कापताना आखणीचा फर्मा सरकला. मग रिकामी करताना बघितलं तर शेवटचा थेंबसुद्धा आपल्या पायानं चालत तोटीशी येतो. वा! तोंडातून निघूनच गेलं. तुझी आई म्हणाली, 'काय झालं?' म्हटलं, 'काही नाही, उचकी लागली.'

आणि अस्तर. आपण पर्सला आतून अस्तर लावतो, आतल्या सामानासाठी. तू ते बाहेरून लावलंस, पाठीला, मऊ कापडासारखं. दोन दिवस मला कळेना की हा काय उलटा कारभार. मग दुपारी घाम आला आणि मांडीला प्लॅस्टिक चिकटलं नाही, तेव्हा उमगलं. इथे आतल्या मालाला नाही, बाहेरच्या कातडीला जपायचंय. चाळीस वर्षं कातडं कापतोय, पण जिवंत कातडीचा विचार मी कधी केला नाही.

तरी कड्यांचं माझं म्हणणं कायम आहे. सोमवारपासून मी दुकानात जाणार. गिऱ्हाइकासमोर मांडीवर पिशवी लोंबवत उभं राहणं मला जमणार नाही. दुकानात तपकिरी चामड्याचा एक छान तुकडा शिल्लक आहे, त्याचं घर शिवतो पिशवीला, वर खांद्याचा बंद. तुला जमलं नाही ते मी करून दाखवतो.

— बाबा


२३ मार्च, दवाखाना

खडू,

आईनं फोनवर सांगितलंच असेल. तरी माझ्या तोंडून ऐक, म्हणजे तिनं लावलेला मीठमसाला तरी गळेल.

घर मस्त शिवलं होतं. दुहेरी शिवण, कडेला गोट, वर पितळी बटण. बंद आखूड ठेवला, म्हणजे पिशवी बगलेत बसते आणि नळी सदऱ्याआड घेतली की आत काय आहे याचा कोणाला पत्ता लागत नाही. सोमवारी सकाळी दहाला दुकानात गेलो. पर्सवाल्या दोन बायका येऊन गेल्या, एकीनं तर 'हे नवीन काढलंत का, मला पण एक करा' असं विचारलं. इतका खूश होतो मी! सहापर्यंत मिरवलो. पिशवीत दिवसभरात काहीच आलं नाही, तर मला वाटलं, चला, आजार आटोक्यात आला.

मंगळवारी हुडहुडी भरली. दातावर दात. तीन पांघरुणं घातली तरी खाट हलत होती. तुझी आई रडत नाही हे तुला माहीत आहे, ती त्या दिवशी रडली.

इथली सिस्टर लहानखुरी आहे, पण तिचा आवाज तीन वॉर्ड ओलांडून जातो. चामड्याचं ते घर तिनं दोन बोटांत धरलं आणि म्हणाली, 'आजोबा, पाणी कधी चढावर वाहतं का? भोक बरगडीखाली, पिशवी बगलेत. पित्त जाणार कुठे? साचलं आत आणि सडलं.' मी म्हटलं, 'मी चाळीस वर्षं पिशव्या करतो.' ती म्हणाली, 'मग कळायला हवं होतं.'

पुढचं डॉक्टर बोलले. पिशवीच्या तोंडाशी आत दोन पातळ जिभा एकमेकींवर चिकटवल्या आहेत ना, वरून आलेलं खाली जाऊ देतात आणि खालचं वर येऊ देत नाहीत? ते म्हणाले, 'ही झडप नसती तर पिशवीतलं जुनं पित्तही उलटं तुमच्या यकृतात गेलं असतं. मग मी तुमच्याशी बोलत बसलो नसतो.' त्यांनी ते सहज सांगितलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. माझी सगळी हुशारी एकीकडे आणि तुझ्या त्या दोन जिभा एकीकडे.

कड्या तू मुद्दाम दिल्या नव्हत्यास. खांद्याला लावता येईल अशी जागाच ठेवली नव्हतीस, म्हणजे माझ्यासारखा शहाणा चुकूनही वर टांगणार नाही. आणि मी ती जागा शिवून काढली. असली चूक करायला पिशव्या करणाराच लागतो. दुसऱ्या कोणाला एवढं सुबक चुकता आलं नसतं.

ताप उतरलाय. ऑपरेशन पुढे ढकललंय. घाबरू नकोस.

— बाबा


१ एप्रिल

खडू,

घरी आलो. पिशवी कमरेच्या पट्ट्याला आहे, भोकाच्या वीतभर खाली, आणि तुझी आई दर तासाला पट्टी घेऊन मोजते.

मला काही सांगायचंय आणि ते सांगताना मी विषय बदलेन, तर तू लक्ष देऊ नकोस.

तू कारखान्यात जाणार म्हणालीस त्या दिवशी दुकानात सगळे कारागीर होते. मी मशीन न थांबवता म्हणालो, 'माझी पोरगी आता लोकांची घाण भरायच्या पिशव्या शिवणार.' दोघेजण हसले. तू म्हणालीस, 'त्या शिवत नाहीत बाबा, टाका घातला तर गळतील. तापवून जोडतात.' एवढंच. मग पेटी उचललीस. मी उठलो नाही. हातात पर्सचा बंद होता, तो शिवून झाला की उठू असं मनात म्हटलं, आणि तो शिवून झाला तोवर तू रस्त्याच्या वळणावर गेली होतीस.

आता ती घाण माझ्याच अंगातून निघते. सिस्टर रोज सकाळी खाली वाकून पिशवीवरचा आकडा वाचायची, वहीत लिहायची आणि म्हणायची, 'वा आजोबा, आज छान आलंय!' जणू परीक्षेत पास झालोय. मलाही आकड्याची ओढ लागली. रंग गडद हिरवा होता, तो सोनेरी झाला तेव्हा मी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला बोलावून दाखवला. त्याला त्याची पिशवी दाखवायची होती. दोघं म्हातारे आपापल्या पिशव्या उजेडात धरून बसलो. आमच्या वॉर्डात असले बारा जण होते, पोरी. बाराच्या बारा जणांच्या कमरेला तुझे कोपरे.

कोपऱ्यांचं सांगतो. चौकोनी कोपरा तिथूनच फाटतो, म्हणून मी खडूच्या डबीचं पत्र्याचं झाकण ठेवून कोपरा गोल आखायचो. ते झाकण तू गेलीस त्याच सुमारास नाहीसं झालं. सहा वर्षं मी तुझ्या आईला बोल लावतोय की तिनं ते भंगारात टाकलं. घरी आल्यावर डबी आणली आणि पिशवीच्या कोपऱ्यावर ठेवून बघितली. केसभर लहान पडली. झाकण डबीपेक्षा केसभर मोठंच असतं. मग मी आतल्या खोलीत गेलो. आईची माफी मागितली, ती म्हणाली, 'कशाबद्दल ते नीट सांगा, यादी मोठी आहे.'

अजून एक राहिलं. पहिल्याच आठवड्यात सिस्टरनं मला विचारलं होतं. म्हणाली, 'जुन्या पिशव्या गळायच्या, चादरी बदलून जीव जायचा. ही नवी ज्या कोणी केली त्याला एकदा बघायचंय मला. तुम्ही पिशव्यांचं काम करता ना, कोणी ओळखीचं आहे का त्या कारखान्यात?'

मी म्हटलं, 'नाही.'

का म्हटलं ते विचारू नकोस. मलाही धड सांगता येणार नाही. सवय असावी.

सोबत वर्तमानपत्र कापून केलेला एक फर्मा पाठवतोय. तुझ्या अकराव्या प्रश्नाचं उत्तर आहे ते, 'पेशंट बाहेर का जात नाही?' जात नाही कारण लाज वाटते. पिशवी उभी आहे, सदऱ्याखालून पोट आल्यासारखी दिसते. ती आडवी कर, कमरेभोवती वळेल अशी, पट्ट्यासारखी. लोक रस्त्यावर हिंडतील. हे मला माझ्या चुकीतून समजलंय, तेव्हा फुकट घालवू नकोस.

— बाबा


८ एप्रिल

खडू,

फर्मा परत आला. लाल पेन्सिलीनं किती रेघोट्या मारल्यास! 'आडवी केली तर तळाशी उतार राहत नाही, अर्धं पित्त आतच राहील.' बरोबर. 'कमरेवर वाकल्यावर इथे घडी पडेल आणि नळी बंद होईल.' तेही बरोबर. मी तुझ्या पर्सवर खडूनं फुल्या मारायचो तेव्हा तू नाक फुगवून बसायचीस, आठवतं? परवा तुझी आई म्हणाली, 'आरशात बघा, तुमचं नाक बघा.'

पण कोपऱ्यात तू लिहिलंयस, 'मागच्या बाजूचा बाक चांगला आहे. हा ठेवतेय. उभ्या पिशवीला दिला तर अंगाला धरून बसेल, सदऱ्यात दिसणार नाही. मला हे सुचलं नव्हतं.' ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. कारागिरांना वाचून दाखवलं. ते दोघे, हसलेले, त्यांना मुद्दाम जवळ बोलावून दाखवलं आणि म्हटलं, 'माझी पोरगी जे करते त्याला डोकं लागतं, तुमच्या-माझ्याकडे आहे त्यापेक्षा जास्त.' एक जण म्हणाला, 'मास्तर, आम्ही तेव्हापण तुमच्या भीतीनं हसलो होतो.' घ्या!

तुझं काम बघून मला काय वाटतं ते एकदा नीट लिहितो. मी आयुष्यभर केल्या त्या पिशव्या लोकांनी लोकांना दाखवायला घेतल्या. तू करतेस ती कोणाला दाखवायची नसते, कोणी हौसेनं घेत नाही, काम झालं की फेकून देतात. तरी तिच्या पाठीचं कापड मऊ आहे, तिची तोटी म्हातारीच्या अंगठ्याला जमते. जी वस्तू कोणी बघणार नाही तिच्यावर तू एवढा जीव लावलास. हे मी तुला शिकवलेलं नाही. हे तुझं तू शिकलीस, आणि मला तुझा फार अभिमान वाटतो.

ऑपरेशन सोमवारी, तेरा तारखेला. डॉक्टर म्हणतात पाच तास लागतील, वयाच्या मानानं धोका आहे. आईला 'थोडा' असं सांगितलंय, मला 'आहे' एवढंच.

डबीला झाकण नाही, खडूचे तुकडे सगळीकडे सांडतात. तेव्हा झाकण घेऊन ये, असं लिहिणार होतो. दोनदा लिहिलं पण. पण झाकणाला तुझ्याकडे काम आहे, ते तिथेच राहू दे.

तू ये. मला तू हवी आहेस.

— बाबा


२५ एप्रिल

खडू,

तुझी गाडी सुटून तीन दिवस झाले आणि घर एकदम मोठं वाटायला लागलंय. काल शेवटची नळी काढली. सिस्टरनं भोकावर चिकटपट्टी लावली आणि पिशवी टाकून द्यायला निघाली, तर मी म्हटलं, धुऊन द्या. तिनं माझ्याकडे असं बघितलं! पण दिली.

तू आलीस ते मला पुसटच आठवतं. डोळे उघडले तेव्हा तू दिसली नाहीस, कारण तू खाटेखाली वाकली होतीस, आकडा वाचत. बापाच्या तोंडाकडे बघण्याआधी पोरीनं पिशवी बघितली. मला हसू आलं आणि टाके ओढले गेले. मग तू तोटी उघडलीस, भांडं उजेडात धरून रंग बघितलास, हात धुतलेस, आणि मग कपाळावर हात ठेवलास. हात ओला होता. असू दे, असाच ठेव, असं म्हणायचं होतं. पण नाकात नळी, बोलायची बंदी.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुला कोणी सांगितलेली नाही. दुसऱ्या दिवशी तू खाली चहाला गेलीस तेव्हा सिस्टर आली आणि म्हणाली, 'आजोबा, कालपासून ही बाई प्रत्येक खाटेखाली डोकावतेय. बाराही पिशव्या तपासल्या. तपासणीला आल्यात का कोणी?' मला बोलता येईना. खुणेनं कागद मागितला. आडवं पडून लिहिताना अक्षरं मोठी झाली. लिहिलं, 'पिशवी हिनं केली.' आणि खाली, त्याहून मोठं, 'माझी मुलगी.'

सिस्टरनं वाचलं आणि तिच्या त्या आवाजात अख्ख्या वॉर्डाला वाचून दाखवलं. मग कागद खाटेखाटेवरून फिरला. शेवटच्या खाटेवरचा माणूस उठून बसला आणि त्यानं माझ्याकडे बघून हात जोडले. तू चहा घेऊन वर आलीस तेव्हा सगळे तुझ्याकडे बघत होते आणि तुला वाटलं तुझ्या सदऱ्यावर काहीतरी सांडलंय.

तो कागद सोबत पाठवतोय. तिथे कारखान्यात भिंतीवर लावायचा असेल तर लाव, मला चालेल. तळाशी पेन्सिलीनं जे लिहिलंय ते माझं अक्षर नाही. कागद फिरत फिरत परत आला तेव्हा तुझ्या आईनं तो बराच वेळ हातात धरला होता. 'माझी मुलगी'च्या खाली तिनं लिहिलंय, 'माझी पण. आणि मी सहा वर्षं आधीपासून सांगतेय.'

— बाबा